वावरात दिवसभर राबणाऱ्याला बीपी कसे होते?

पहाटे पाच-सव्वापाचच्या सुमारास जाफराबादहून टेंभुर्णीकडे किंवा भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्याने निघालात, तर दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणजे पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी पोरे. मोबाइलमध्ये वेळ लावून, धापा टाकत, जिवाच्या आकांताने पळणारी. दुसरी म्हणजे डॉक्टरांनी ‘आता चालायला लागा’ असे बजावलेली माणसे. त्यात दुकानदार असतात, शिक्षक असतात, निवृत्त झालेले कर्मचारी असतात. कानाला मफलर आणि हातात कुत्र्यासाठी काठी.

तिसऱ्या प्रकारची माणसे या रस्त्यावर दिसत नाहीत. शेतकरी दिसत नाही, मजूर दिसत नाही, बायका तर जवळपास नाहीतच. त्यांना विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘आम्हाला कशाला लागतंय फिरायला? दिवसभर वावरातच असतो की.’

हे उत्तर ऐकायला इतके बरोबर वाटते, की समोरचा गप्प बसतो. पण मग गावातल्या शिबिरात बीपी मोजायला रांग लागते, दंडाला पट्टा बांधला जातो आणि ज्याने आयुष्यात कधी खुर्चीत बसून काम केले नाही, त्याच्या नावापुढे १६०/१०० लिहिले जाते. ‘मशीन बिघडलंय वाटतं,’ असे म्हणत तो माणूस निघून जातो. मशीन बहुतेक वेळा बिघडलेले नसते.

शेतातले कष्ट म्हणजे व्यायाम का? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उत्तर थोडे अडचणीचे आहे, आणि ते माणसागणिक बदलते.

आधी आकडे

‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५’ (२०१९-२१) नुसार देशात १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया एकतर उच्च रक्तदाबाच्या होत्या किंवा त्यासाठी गोळी घेत होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांमधले हे प्रमाण ३५.५ टक्के निघाले. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, वयोगट वेगळे, म्हणून आकडे वेगळे. कोणताही घ्या, दर चार-पाच माणसांमागे किमान एक आहे. हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार राहिला नाही, हे यातून दिसते.

दुसरा आकडा हालचालीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ शरीराला आवश्यक तेवढी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. यात काम, प्रवास, फुरसत अशी सगळी हालचाल धरलेली आहे. ‘निम्मा देश शेतीवर जगतो, मग हे कसे?’ असे वाटेल. पण शेती तरी पूर्वीसारखी कुठे राहिली?

जाफराबाद तालुक्यातलेच बघा. वखरणी, पेरणी ट्रॅक्टरवर गेली. वावरापर्यंतची दोन-तीन किलोमीटरची वाट मोटारसायकलवर. पाणी द्यायला बारे धरण्याऐवजी ठिबकचा कॉक फिरवायचा. मळणीला यंत्र. बैल कमी झाले, तसे बैलामागे दिवसभर चालणेही संपले. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. ज्याने जून महिन्यात तिफणीमागे चालून पाहिले आहे, तो ट्रॅक्टरला नावे ठेवत नाही. फक्त एवढेच, की ‘दिवसभर वावरात असतो’ आणि ‘दिवसभर हालचाल करतो’ ही आता एकच गोष्ट राहिलेली नाही. बांधावर उभे राहून मजुरांवर लक्ष ठेवणे आणि बाभळीच्या सावलीत मोबाइल बघणे हेही वावरात असणेच आहे.

बसचालक, वाहक आणि डेन्मार्क

शरीराच्या हालचालीचा हृदयाशी संबंध आहे, हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसले ते लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. दुमजली बसचे चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे फाडत दिवसभर जिना चढत-उतरत. पगार, वस्ती, राहणीमान साधारण सारखेच. तरीही हृदयविकार चालकांमध्ये जास्त आणि वाहकांमध्ये कमी. पुढे मॉरिस यांनीच गणवेशाची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचे माप मुळातच मोठे असल्याचे आढळले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. तरीही, कामातली हालचाल हृदयाला चांगली, हा समज तिथून रुजला. (आपल्या एसटीत मात्र चालक आणि वाहक दोघेही बसूनच. गर्दी असली की वाहक उभा राहतो, तो व्यायाम म्हणायचा की शिक्षा, त्यालाच विचारा.)

जवळपास सत्तर वर्षांनी, २०२१ मध्ये, डेन्मार्कमधून उलटे चित्र आले. कोपनहेगन परिसरातल्या एक लाख चार हजारांहून अधिक लोकांचा तो अभ्यास होता. फुरसतीच्या वेळेत जे जास्त हालचाल करत, त्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात यांचा धोका कमी. पण कामाच्या वेळी ज्यांना जास्त अंगमेहनत करावी लागे, त्यांना धोका जास्त. सर्वाधिक कष्टाचे काम करणाऱ्यांत तो सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब लावूनही फरक पूर्ण मिटला नाही. संशोधक याला ‘शारीरिक हालचालीचे कोडे’ म्हणतात.

असे का होत असावे, याची काही कारणे समजण्यासारखी आहेत. व्यायाम अर्धा-पाऊण तास चालतो. त्या वेळी नाडी वाढते, मग माणूस थांबतो आणि शरीर सावरते. फायदा बराचसा या सावरण्यातच होतो. कष्टाच्या कामात नाडी आठ-दहा तास थोडी-थोडी वाढलेलीच राहते, पण हृदयाची ताकद वाढावी इतकी ती क्वचितच वाढते. ओझे उचलताना, वाकून राहताना, श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब चढतो आणि हे दिवसातून शेकडो वेळा घडते. थकल्यावर थांबायचे की नाही, हे मजुराच्या हातात नसते. रात्रीची झोप अपुरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पण डेन्मार्कचे गणित जसेच्या तसे जालना जिल्ह्याला लावू नये. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच १७ देशांतल्या एक लाख तीस हजार लोकांचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. त्यात कामातली, घरातली, प्रवासातली हालचालही हृदयासाठी फायद्याची निघाली. म्हणजे तज्ज्ञांमध्येच यावर एकमत नाही. मला स्वतःला या दोन अभ्यासांत फारसा झगडा दिसत नाही. सगळा प्रश्न ‘कुणाचे कष्ट’ हा आहे.

एकाच वावरातली दोन माणसे

एकाच कपाशीच्या वावरात दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. एक मालक, वय पन्नास. सकाळी मोटारसायकलवर येतो, मजूर लावतो, दुपारी तालुक्याला जातो, कृषी केंद्राच्या बाकावर चहा घेतो, संध्याकाळी परत येतो. हंगामात चार-सहा दिवस स्वतः फवारणीचा पंप पाठीवर घेतो. हातपाय बारीक, पण शर्टाचे खालचे बटण ताणलेले. स्वतःला तो कष्टकरी समजतो आणि त्यात खोटे काही नाही; काळजी, कर्ज, भाव, पाऊस हे सगळे त्याच्याच डोक्यावर आहे. पण त्याचे हृदय लंडनच्या बसचालकाचे आहे.

दुसरी, वेचणीला आलेली बाई, वय पंचेचाळीस. पहाटे चारला उठून स्वयंपाक, पाणी, धुणे. मग वावरात कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचणी. संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन वजनाला. घरी आल्यावर पुन्हा चूल. तिला ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगणे म्हणजे चेष्टा आहे. तिला हवी आहे विश्रांती, दुपारी पाठ टेकायला तासभर, पोटभर जेवण, आणि वर्षातून एक-दोनदा तरी कुणीतरी तिच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघणे. पंचेचाळिशीनंतर, पाळी जायच्या सुमारास बायकांचे बीपी वाढू लागते. डोके दुखते, थकवा येतो, ती त्याला ‘उन्हाचे झाले’ म्हणते. बहुतेक वेळा तर काहीच जाणवत नाही.

आरोग्याचे आपले सगळे सल्ले या दोघांना एकाच सुरात दिले जातात. भिंतीवरची घोषणा एकच, भाषण एकच, व्हॉट्सअॅपवरचा संदेशही एकच. माझी तक्रार नेमकी इथे आहे. मालकाला चालायला लावले पाहिजे, आणि वेचणाऱ्या बाईला बसायला जागा आणि गोळी मिळाली पाहिजे.

बारीक अंगकाठीबद्दलही एक गैरसमज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आत मात्र दुपटीहून जास्त फरक. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, हे चित्र घरोघरी आहे. म्हणून ‘मी तर सडपातळ आहे, मला कशाचे बीपी’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. वजनापेक्षा कमरेभोवतीचा टेप जास्त खरे बोलतो.

मोटार, पाइप आणि नळीचे अस्तर

व्यायामाने बीपी कमी कसे होते, हे शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे, कारण तो रोज मोटार आणि पाइप हाताळतो. पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असेल आणि मोटार पूर्ण जोरात चालू असेल, तर दाब वाढतो आणि पाइप कच्च्या सांध्यावर फुटतो. शरीरात मोटार म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. सांधा मेंदूत फुटला तर पक्षाघात. पाइप फुटला नाही, तरी मोटारीवर ताण येतच राहतो आणि मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या खराब होत जातात.

भरभर चालताना स्नायूंना जास्त रक्त लागते. वाहिन्यांमधून रक्त वेगाने घासून जाते तसे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते आणि त्याने वाहिनी सैल होते. या वायूचे काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल मिळाले. रोज चालणाऱ्याचे अस्तर हे काम तत्परतेने करते. बसून राहणाऱ्याचे अस्तर आळसावते. जुनी ठिबकची नळी उन्हाने कडक होते, तशी वाहिनी कडक होत जाते. शिवाय नियमित व्यायामाने शरीराची ‘सावधान’ यंत्रणा, जी सतत वाहिन्या आवळून धरते, ती थोडी निवांत होते.

मोटारीचेही काम हलके होते. समजा, बसल्या जागी नाडी मिनिटाला ७६ आहे आणि काही महिन्यांच्या चालण्याने ती ६६ वर आली. दर मिनिटाला दहा ठोके वाचले, म्हणजे दिवसाला १४,४०० ठोके वाचले. हृदयाला दोन ठोक्यांच्या मध्येच विसावा मिळतो आणि त्याच विसाव्यात त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पोहोचते.

एकदा चालून आल्यावर बीपी काही तास, कधी कधी जवळपास दिवसभर थोडे उतरलेले राहते. म्हणून रविवारी दोन तास चालण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. आणि म्हणूनच वर्षातून एकदा केलेली वारी हृदयाला पुरत नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालून आलेला माणूस आषाढानंतर ओट्यावर बसून राहिला, तर काही आठवड्यांत कमावलेले बरेचसे निघून जाते. वारीचे पुण्य टिकत असेल, दम टिकत नाही.

किती उतरते?

ज्यांचे बीपी वाढलेले आहे, त्यांच्यात नियमित चालणे, सायकल, पोहणे अशा व्यायामाने वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो. ‘एवढेच?’ असे वाटणे साहजिक आहे. पण २०२१ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या औषध-चाचण्यांची बेरीज मांडली गेली, तेव्हा वरचा आकडा केवळ ५ ने उतरल्यावर हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तो हिशेब गोळ्यांचा आहे, चालण्याचा नाही; तरी ५ अंकांची किंमत त्यावरून कळते.

त्याच बरोबर हेही स्पष्ट सांगायला हवे. ज्याचे बीपी १७० आहे, तो चालून १३० वर येणार नाही. गावागावात दिसणारी सर्वांत धोक्याची चूक ती हीच. माणूस चालायला लागतो, महिनाभराने मोजतो, आकडा चांगला येतो आणि तो गोळी सोडतो. आकडा चांगला आलेला असतो गोळी आणि चालणे या दोन्हींमुळे. गोळी सोडल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून त्याला वाटते, बरे झालो. मग सहा महिन्यांनी, एक दिवस सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही आणि घरचे लोक गाडी शोधत धावतात. पक्षाघातात पहिले साडेचार तास गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे असतात. वावर, वस्ती, तालुका, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर एवढा रस्ता त्या साडेचार तासांत बसवायचा असतो, आणि सीटी स्कॅन झाल्याशिवाय ते इंजेक्शन देताही येत नाही. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरांनी करायची, शेजाऱ्याने नाही आणि मोबाइलवरच्या व्हिडिओने तर नाहीच.

गोळी महाग असते असेही नाही. महाराष्ट्रासह पाच राज्यांतून सुरू झालेल्या ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमा’ने हे दाखवून दिले आहे, की ठरावीक दोन-तीन स्वस्त औषधे, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य, आणि आला नाही त्याला फोन, एवढ्यावर हजारो लोकांचे बीपी आटोक्यात राहते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचे बीपी उपकेंद्रात मोजले जावे, असे सरकारचे धोरणही आहे. ते मोजून घेणे हा आपला हक्क आहे, उपकार नाही.

मग काय करावे?

मालकासाठी, दुकानदारासाठी, शिक्षकासाठी, बँकेत-कचेरीत बसणाऱ्यासाठी उत्तर सरळ आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग किती? चालताना बोलता आले पाहिजे, पण भजन म्हणता येऊ नये. गप्पा मारत, थांबत, ओळखीच्या प्रत्येकाला रामराम करत केलेली फेरी ही सामाजिक दृष्ट्या उत्तम, हृदयाच्या दृष्टीने तशी कमीच. मोटारसायकल घरी ठेवून वावरात चालत जाणे हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय. त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि ‘हे काय खूळ’ म्हणून कुणी हसतही नाही.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायामही सांगितलेला आहे. बीपीसाठी त्यातला एक प्रकार अलीकडे पुढे आला. २०२३ मध्ये २७० चाचण्यांची एकत्र छाननी झाली, तीत भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्ची नसतानाही खुर्चीवर बसल्यासारखे स्थिर राहण्यासारख्या व्यायामांनी वरचा आकडा सरासरी ८ ने उतरलेला दिसला. चालण्या-धावण्याने साडेचारने. साधारण पद्धत अशी, की दोन मिनिटे बसायचे, एक-दोन मिनिटे विसावा, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दोन मिनिटे वाचायला सोपी आहेत. करून बघा, मांड्या थरथरतात. सुरुवातीला वीस-तीस सेकंद पुरे. श्वास रोखायचा नाही, ही त्यातली मुख्य अट. गुडघे दुखणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. आणि या एका आकड्यावरून चालणे सोडू नये. दम, साखर, कंबर, झोप यांसाठी चालण्याला पर्याय नाही.

सूर्यनमस्काराची परंपरा आपल्याकडे घरची आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर शाळाशाळांत त्यांचा प्रसार केला. ते जरूर घालावेत. पण बीपी बरेच वाढलेले असेल, तर डोके खाली जाणारी आसने, विशेषतः शीर्षासन, टाळावे. १८०/११० च्या वर आकडा असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

ऋतूचेही भान हवे. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर आपल्याकडे चालणे म्हणजे उन्हाशी भांडण. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात; त्या घेणाऱ्याने उन्हात काम केले तर अंगातले पाणी लवकर कमी होते, चक्कर येते. त्याने डॉक्टरांना सांगायला हवे, की मी वावरात काम करतो. उलट डिसेंबरच्या कडाक्यात थंडीने वाहिन्या आकसतात, बीपी चढते. साठीच्या माणसाने अशा वेळी पहाटे पाचचा हट्ट धरू नये. ऊन अंगावर आल्यावर निघाले तरी हृदय तक्रार करत नाही.

आणि मीठ. अख्खा महिना चालून जे मिळते ते पापड, लोणचे, खारे शेंगदाणे आणि ठेच्यातली वरची चिमूट घालवू शकते. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, एवढी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घातली आहे, आणि त्यात भाजीतले मीठही आले. ‘घाम गाळतो, मग मीठ लागणारच’ हे कष्टकऱ्याचे म्हणणे थोडे खरे आहे; पण बीपी असलेल्याला ती सबब पुरत नाही. तंबाखूचे तर बोलायलाच नको. मळून दाढेखाली धरली, की काही मिनिटांत नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात. दिवसातून दहा वेळा ती चिमूट धरणाऱ्याचे बीपी दिवसातून दहा वेळा ढकलले जाते.

‘व्यायाम करतानाच तर माणसे पडतात’

व्यायामशाळेत किंवा क्रिकेट खेळताना कोसळलेल्या तरुणांचे व्हिडिओ हल्ली प्रत्येक मोबाइलवर फिरतात. ते पाहून घरचे लोक म्हणतात, नकोच तो व्यायाम. या भीतीत थोडे तथ्य आहे, पण निष्कर्ष उलटा काढला जातो. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट अटॅक आलेल्या लोकांना विचारले गेले, की त्याआधीच्या तासाभरात तुम्ही काय करत होता. जे एरवी आठवड्यातून एकदाही व्यायाम करत नसत, त्यांनी अचानक जोराचे श्रम केले तर त्या तासाभरात त्यांचा धोका त्यांच्या नेहमीच्या धोक्याच्या १०७ पट होता. जे आठवड्यात पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करत, त्यांच्यात तो अवघा २.४ पट. म्हणजे घात व्यायामाने होत नाही, सवय नसताना केलेल्या झटक्याने होतो. वर्षभर ओट्यावर बसून एक दिवस वरातीत तासभर नाचणारा, किंवा मुलाच्या पैजेखातर पळायला निघालेला पन्नाशीचा बाप, यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

चालताना छातीत दाटून आले, दुखणे डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे गेले, दरदरून घाम फुटला, तर थांबायचे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपायचे नाही. १०८ ला फोन करायचा. आपल्याकडे गॅसने जेवढी माणसे गेली म्हणतात, त्यातली बरीचशी गॅसने गेलेली नसतात.

जागा कुठे आहे?

इथवर वाचून एखादी ताई म्हणेल, सगळे पटले, पण चालू कुठे? हा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. रस्त्याला पदपथ नाही. पहाटे अंधार, वर मोकाट कुत्री. भरधाव जाणारे टिप्पर. पुरुष टॉवेल खांद्यावर टाकून निघतो. बाई निघाली तर ‘एवढ्या सकाळी कुठं?’ हा प्रश्न तीन घरांतून येतो. दवाखान्यात मात्र तिलाच सांगितले जाते, की वजन कमी करा. ५७ टक्के स्त्रिया पुरेशी हालचाल करत नाहीत, या आकड्यात आळस किती आणि अंधार किती, हे कुणी मोजलेले नाही.

नगरपंचायतीने, ग्रामपंचायतीने यासाठी काही कोटींचे उद्यान बांधायची गरज नाही. उघड्या व्यायामशाळेची रंगीत यंत्रे बसवायचीही घाई नको. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांचे काय होते, ते सर्वांनी पाहिले आहे. जवळपास प्रत्येक मोठ्या गावात शाळेचे मैदान आहे, त्याला भिंत आहे, फाटक आहे. सकाळी साडेपाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते साडेसात ते उघडे राहावे, कडेने दोन दिवे असावेत आणि तेवढा वेळ बायकांसाठी राखून ठेवावा. मैदानाची एक फेरी दोनशे मीटरची असली, तरी पंधरा फेऱ्यांत तीन किलोमीटर होतात. बचत गटाच्या दहा बायका एकत्र निघाल्या, तर ‘कुठं?’ विचारणारेही थकतात. गटाच्या मासिक बैठकीला आशाताईंनी बीपीचे यंत्र घेऊन यावे, आणि प्रत्येकीचा आकडा बचतीच्या पुस्तकातच शेवटच्या पानावर लिहावा.

मजुरांसाठी मागणी वेगळी. वेचणीच्या, निंदणीच्या हंगामात दुपारी तासभर सुट्टी, सावली आणि प्यायला गार पाणी. हे मालकाच्या हातात आहे आणि त्याला कुठल्याही योजनेची वाट बघावी लागत नाही.

मैदानाच्या फाटकाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडे. त्या समितीवर गावातलेच पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. पुढच्या बैठकीत हा विषय काढायला एक अर्ज आणि पाच सह्या पुरतात.